घर जळगावात, लॉगिन ‘मुंबई’तून?

जळगाव-धुळ्यात घरच्या वायफायवर मेल उघडावा आणि ‘मुंबईतून नवीन लॉगिन’ असा इशारा यावा, म्हणजे धडकीच भरते. पण बहुतेक वेळा खाते हॅक झालेले नसते. वायफायवर संकेतस्थळाला तुमचे घर दिसत नाही. दिसतो तो इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्ता. तो कुठल्या गावचा, हे मॅक्समाइंडसारख्यांच्या याद्यांवरून ठरते. हा अंदाजच! कंपनीचे जाळे मुंबईत जोडलेले असेल तर यादीतही मुंबईच लागते. त्यात एकच पत्ता अनेक ग्राहकांना वाटलेला असतो.

म्हणून इशाऱ्यात शहरापेक्षा उपकरण आणि वेळ पाहा. ती तुमची नसतील तर लगेच पासवर्ड बदला, मग शहर जळगाव का असेना. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा.

व्हीपीएन चालू असल्यास बंद करा. राउटर बंद-चालू केल्याने कधी पत्ता बदलतो, पण नवाही मुंबईचाच निघू शकतो. गुगलवर शोधाच्या पानाच्या तळाशी ठिकाण दिसते, ते तिथूनच अपडेट करता येते. मूळ नोंद दुरुस्त करायला कंपनीला सांगा. मॅक्समाइंडच्या संकेतस्थळावरही अर्ज आहे. मात्र एका यादीत ‘धुळे’ झाले तरी दुसरीत ‘मुंबई’ राहू शकते.