शेवटचे दिवस सुसह्य व्हावेत म्हणून

दिवाळीच्या सुमारास बीडमधल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गावात बहुतेक म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांतल्या एखाद्याचा आजार बरा होण्यापलीकडे गेला, तर ‘आता काही करता येणार नाही’ असं म्हटलं जातं. पण करण्यासारखं पुष्कळ असतं. वेदना, धाप, मळमळ, पाठीच्या जखमा यांवर उपचार करणं आणि घरच्यांना धीर देणं म्हणजे उपशामक सेवा, अर्थात पॅलिएटिव्ह केअर. ती इतर उपचारांसोबतही सुरू करता येते. तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन देतात. अमली पदार्थविषयक कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीने ते मिळण्यातल्या अडचणी कमी केल्या. बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाई तालुक्यात लोखंडी सावरगावला वृद्धांसाठी शासकीय आरोग्य केंद्र आहे.

शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर हवा की नको, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. 2023 पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. ते लिहिण्याआधी घरात एकदा मोकळेपणाने बोलायला मात्र हवं.