शेवटच्या दोन मिनिटांचं गणित

१९ नोव्हेंबर १९७८. न्यू जर्सीच्या मैदानात अमेरिकन फुटबॉलमधला न्यूयॉर्क जायंट्सचा संघ फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध १७-१२ असा पुढे होता. चेंडू जायंट्सकडे, घड्याळात ३१ सेकंद शिल्लक आणि ईगल्सचे टाइमआउट (घड्याळ थांबवण्याचे हक्क) संपलेले. क्वार्टरबॅक (संघाची चाल सुरू करणारा खेळाडू) जो पिसारसिकने चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकला असता तरी सामना खिशात होता. पण आदेश आला तो चेंडू लॅरी झोंकाच्या हाती देऊन धाव घेण्याचा. देता देता चेंडू निसटला, जमिनीवर आपटून उसळला आणि ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो पकडून २६ यार्ड पळत गोलरेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केला. निकाल १९-१७. ती चाल सांगणारे जायंट्सचे साहाय्यक प्रशिक्षक बॉब गिब्सन यांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली.

तोवर गुडघा टेकून वेळ काढणं अनेकांना भ्याडपणाचं वाटायचं. त्या सामन्यानंतर त्याची सर्रास पद्धतच पडली. त्यामागचा हिशेब बघण्यासारखा आहे. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार संधी मिळतात. पास हुकला किंवा चेंडू मैदानाबाहेर गेला, तर शेवटच्या मिनिटांत घड्याळ थांबतं. खेळाडू मैदानातच खाली पडला, तर ते चालूच राहतं आणि पुढची चाल सुरू करायला संघाला ४० सेकंद मिळतात. म्हणजे एकदा गुडघा टेकला की दोन सेकंद चालीचे आणि ४० सेकंद वाट पाहण्याचे. पहिल्या तीन संधींत असं केलं, तर दोन मिनिटांहून थोडा जास्तच वेळ जातो. प्रतिस्पर्ध्याकडे टाइमआउट नसेल, तर दोन मिनिटं उरलेली असतानाच सामना संपला म्हणायचा. त्याच्याकडे एक टाइमआउट असेल तर ही मर्यादा सव्वा मिनिटाच्या थोडी पुढे येते, दोन असतील तर पाऊण मिनिटाच्या आसपास, आणि तीनही शाबूत असतील तर गुडघा टेकून फारसं काही साधत नाही.

म्हणूनच हरत असलेल्या संघासाठी टाइमआउट ही फार मोठी पुंजी. प्रत्येक अर्धात तीनच मिळतात आणि त्यांची किंमत कायम सारखी नसते. प्रतिस्पर्धी वेळ काढत असताना घेतलेला टाइमआउट जवळपास ४० सेकंद वाचवतो. तोच चेंडू आपल्याकडे असताना घेतला तर पंधराएक सेकंदच वाचतात, कारण घाई करून तेवढ्या वेळात आपण पुढच्या चालीसाठी उभे राहू शकतो. तरीही कितीतरी प्रशिक्षक टाइमआउट ‘आपल्या पाळीसाठी’ राखून ठेवतात आणि प्रतिस्पर्ध्याला मनसोक्त वेळ खाऊ देतात. हातातली वस्तू जपून ठेवण्याची माणसाची ओढ किती चिवट आहे, हे इथे उघड दिसतं.

पुंजी जपण्याच्या चुकीइतकीच घाई न करण्याची चूकही महागात पडते. फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, अँडी रीड यांचा ईगल्स संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या १० गुणांनी मागे होता. ५ मिनिटं ४० सेकंद शिल्लक होती आणि दोनदा गुण मिळवायचे होते. संघ मात्र जवळपास प्रत्येक चालीआधी शांतपणे घोळका करून उभा राहत होता. टचडाउन झाला खरा, पण त्यात जवळजवळ चार मिनिटं गेली. उरलेल्या १०८ सेकंदांत दुसरा झाला नाही आणि ईगल्स २४-२१ असे हरले. रीड यांना घड्याळ कळत नाही, हा शिक्का मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर राहिला.

या खेळातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं गणित मात्र पुढचं आहे: कधी कधी गुण मिळवणंच चुकीचं ठरतं. फेब्रुवारी २०१२ चा सुपर बोल घ्या. पेट्रियट्स १७-१५ पुढे, चेंडू जायंट्सकडे, गोलरेषा सहा यार्डांवर, वेळ १ मिनिट ४ सेकंद. पेट्रियट्सने टचडाउन अडवला असता, तर जायंट्सने घड्याळ जवळपास रिकामं करून जवळून फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून घालणं) मारला असता. एवढ्या अंतरावरून तो क्वचितच हुकतो. म्हणून पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी बचावफळीला बाजूला व्हायला सांगितलं. जायंट्सच्या अहमद ब्रॅडशॉला हा डाव रेषेपाशी उमगला. तो थांबू पाहत होता, अर्धवट वळला आणि तोल जाऊन पाठीमागे रेषेपलीकडेच पडला; टचडाउन झाला. बेलिचिक यांनी गुण देऊन ५७ सेकंद विकत घेतले. ते पुरले नाहीत आणि जायंट्स २१-१७ जिंकले, पण सौदा योग्यच होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये अटलांटा फाल्कन्सच्या टॉड गर्लीचंही असंच झालं. तो एक यार्डावर थांबू पाहत होता आणि पुढे रेषेवर कोसळला. फाल्कन्स २२-१६ पुढे गेले, पण डेट्रॉइट लायन्सला मिनिटभर मिळालं आणि ते शेवटच्या क्षणी २३-२२ जिंकले. गर्लीला दोष देण्याआधी भौतिकशास्त्राकडे बघावं. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणाऱ्याला एका यार्डात, म्हणजे ९१ सेंटिमीटरमध्ये थांबायचं, तर गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीएवढं मंदन लागतं. गवतावर रुतणाऱ्या बुटांनाही ते झेपत नाही. शिवाय मेंदूचा आदेश पायांपर्यंत पोहोचेतो पाचेक दशांश नव्हे, नुसते दोन दशांश सेकंद धरले, तरी आणखी एक मीटरहून जास्त अंतर मागे पडतं. म्हणजे थांबायचं हे चारेक यार्ड आधीच ठरलेलं असायला हवं आणि थांबण्यापेक्षा सरळ घसरून खाली बसणं बरं. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या जेरिक मॅकिननने हेच केलं. ३५-३५ अशी बरोबरी, समोर मोकळी गोलरेषा, आणि तो अलीकडेच खाली घसरला. मग क्वार्टरबॅकने दोनदा गुडघा टेकला आणि ८ सेकंद उरले असताना विजयी फील्ड गोल झाला. चीफ्सचे प्रशिक्षक होते अँडी रीड आणि समोर होते ईगल्स.

त्याच मैदानावर, अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये, १ फेब्रुवारी २०१५ ला एक निर्णय झाला, ज्याला आजही लोक ‘सर्वांत वाईट’ म्हणतात. पेट्रियट्स २८-२४ पुढे. सिअ‍ॅटल सीहॉक्सचा मार्शॉन लिंच पाच यार्डांवरून एक यार्डावर पोहोचला तेव्हा मिनिटभर शिल्लक होतं. बेलिचिक यांनी टाइमआउट घेतला नाही. घड्याळ २६ सेकंदांवर आल्यावर सीहॉक्सने पास टाकला, पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो मधेच पकडला आणि सगळं संपलं. लिंचसारखा बलदंड धावपटू असताना पास का, असा ओरडा झाला.

आता सीहॉक्सचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांच्या जागी बसून हिशेब करा. संधी तीन, सेकंद २६, टाइमआउट एक. पहिल्यांदा धावून अडलो, तर २० च्या आसपास सेकंद उरतात आणि टाइमआउट खर्च होतो. दुसऱ्यांदाही धावून अडलो, तर घड्याळ चालू राहतं आणि एकमेकांवर पडलेल्या अजस्र खेळाडूंचा ढीग सुटेपर्यंत तिसरी संधी जेमतेम हाती लागते. उलट आधी पास टाकला आणि तो हुकला, तर घड्याळ आपोआप थांबतं, टाइमआउट शिल्लक राहतो आणि पुढच्या दोन्ही संधींत धाव किंवा पास काहीही करता येतं. त्या साखळी मोसमात एक यार्डावरून टाकलेला एकही पास प्रतिस्पर्ध्याने पकडला नव्हता. मधल्या गर्दीतून पास टाकण्याऐवजी कोपऱ्यात उंच टाकला असता तर धोका आणखी कमी होता, एवढा दोष मी नक्की देईन. पण पास टाकणं चूक नव्हतं. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, हे संभाव्यतेचं पहिलं तत्त्व आहे आणि प्रेक्षकांना ते सर्वांत कमी पटतं.

असे हिशेब मांडायला सुरुवात झाली ती १९७१ मध्ये. सिनसिनाटी बेंगॉल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांनी १९६९ च्या मोसमातल्या आठ हजारांहून अधिक चाली तपासून मैदानावरच्या प्रत्येक जागेची गुणांतली किंमत काढली. आजची प्रारूपं त्यात गुणफरक, वेळ आणि टाइमआउट घालून विजयाची शक्यता सांगतात. २००६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी चौथ्या संधीवरच्या निर्णयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटच्या मिनिटांतली ओढाताण टाळण्यासाठी त्यांनी आकडे मुद्दाम पहिल्या सत्रातले घेतले. धोका पत्करणं फायद्याचं असतानाही प्रशिक्षक बहुतेक वेळा चेंडू लाथाडून मोकळे होतात, असं त्यांना आढळलं. शांत वेळी ही गत, तर घड्याळ संपत आल्यावर काय होत असेल? रूढ मार्गाने हरलेल्या प्रशिक्षकाला कुणी जाब विचारत नाही. वेगळं काही करून हरलेल्याला मात्र कॅरोल यांच्यासारखं आयुष्यभर उत्तर देत बसावं लागतं, आणि माझ्या मते गणित न येण्यापेक्षा ही भीतीच जास्त सामने घालवते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच संघांनी यासाठीच माणसं नेमली आहेत. सामन्याच्या आधीच ती तक्ते तयार करतात: इतके गुण मागे, इतके टाइमआउट, इतका वेळ, तर हे करायचं. म्हणजे ऐन वेळच्या ४० सेकंदांत प्रशिक्षकाला विचार करावा लागत नाही, आठवड्याभरापूर्वी थंड डोक्याने घेतलेला निर्णय पाळावा लागतो.