नजरेला जुळणारी मांडणी

समोरच्या दृश्यातला फार थोडा भाग माणसाला एका वेळी स्वच्छ दिसतो. नजरेच्या केंद्रातल्या जेमतेम दोन अंशांच्या टापूतच बारीक अक्षर वाचता येते. भोवतालचे सारे पुसट असते. डोळे सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतात आणि मिळालेल्या तुकड्यांतून मेंदू सलग चित्र उभे करतो. तेव्हा तो कशाची सांगड कशाशी घालतो, हे ओळखून केलेली मांडणी सोपी वाटते.

या जुळणीचे नियम माक्स वेर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडले. जवळजवळच्या गोष्टी एका गटातल्या वाटतात, तशाच एका रंगाच्या किंवा आकाराच्याही. छापील पानावर याचा पडताळा लगेच येतो. उपमथळा वरच्या आणि खालच्या परिच्छेदांपासून सारख्याच अंतरावर असला, तर तो कोणाचा हे कळायला क्षणभर थांबावे लागते. खालचे अंतर कमी केले की प्रश्नच उरत नाही. देवनागरीत तर शिरोरेषाच अक्षरांना बांधून शब्दाचा गट करते.

मोजपट्टीने बरोबर असलेले नजरेला बरोबर वाटतेच असे नाही. रोमन लिपीतला गोल ‘ओ’ शेजारच्या सपाट अक्षरांएवढाच काढला तर लहान भासतो, म्हणून अक्षररचनाकार त्याला वर-खाली किंचित रेषेबाहेर नेतात.

स्वयंपाकघरातले उदाहरण अधिक बोलके आहे. चार बर्नर चौकोनात आणि चार बटणे एका ओळीत, अशा शेगडीवर कोणते बटण कशाचे हे आठवावे लागते. अमेरिकेत चॅपानिस आणि लिंडेनबॉम यांनी १९५९ मध्ये चार रचना लोकांकडून वापरून पाहिल्या. बर्नर थोडे सरकवून बटणांच्याच क्रमाने बसवलेल्या रचनेत एकही चूक झाली नाही. तरीही जुन्या रचनेच्या शेगड्या अजून बनतात आणि घोटाळा झाला की दोष वापरणाऱ्याच्या माथी येतो. हा दोष रचनेचा आहे.

रंगावर सारी भिस्त ठेवणेही धोक्याचे. युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. उभ्या सिग्नलवर लाल दिवा वर आणि हिरवा खाली असल्याने त्यांचे निभावते. अर्जातल्या चुका नुसत्या लाल रंगाने दाखवणाऱ्यांनी शेजारी एखादी खूण किंवा दोन शब्दही द्यावेत.