अर्थाची सैल गाठ

‘पान’ हा शब्द उच्चारताच पुस्तकाचे, झाडाचे, विड्याचे वा जेवणाचे असे अनेक अर्थ मनाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात, आणि निरोगी मन प्रसंगाचा संदर्भ पाहून त्यांपैकी एकास आत घेते व बाकीच्यांची नकळत रवानगी करते. छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या व्याधीत अनेकांच्या बाबतीत हाच बंदोबस्त ढिला पडतो. पुस्तकाच्या पानाविषयी बोलणारा रुग्ण मग विड्याकडे, विड्यावरून कुणाच्या लग्नाकडे वळतो, आणि ऐकणाऱ्यास ते सर्व असंबद्ध वाटले तरी पुष्कळदा पावलापावलाला एक पुसट दुवा असतोच. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ सालच्या आपल्या ग्रंथात साहचर्याच्या या शैथिल्याची गणना व्याधीच्या मूलभूत लक्षणांत केली, आणि ते निरीक्षण मला आजही मोलाचे वाटते. (एका देहात दोन व्यक्ती नांदतात, हा रूढ समज मात्र सर्वस्वी चुकीचा.) शब्दसंग्रह बहुधा शाबूत राहतो, परंतु वाक्याचा आरंभ शेवटापर्यंत धरून ठेवणारी अल्पकालीन स्मृती दुबळी होते. म्हणून रुग्णाशी बोलताना वाक्ये लहान ठेवावीत, एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरास पुरेसा अवधी द्यावा, ही कुटुंबीयांस कळकळीची विनंती.