निवृत्तांचा आरोग्य विमा आणि प्रोस्टेटचा कर्करोग

सेवानिवृत्तीच्या वेळी निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्य निर्वाह निधी यांचा हिशेब प्रत्येकजण बारकाईने करतो. आरोग्य विम्याचा विचार मात्र बहुधा शेवटच्या महिन्यात, आणि तोही एखाद्या सहकाऱ्याने सुचविले म्हणून केला जातो. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी व जिल्हा परिषदांचे शिक्षक ५८ व्या वर्षी, तर केंद्र शासनाचे कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतात. सेवेत असताना राज्य कर्मचाऱ्याला महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ यांचा आधार असतो. निवृत्तीबरोबर तो सुटतो. नेमक्या याच सुमारास पुरुषांच्या ज्या व्याधी डोके वर काढतात, त्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ही एक महत्त्वाची व्याधी होय. जगात २०२० साली या रोगाचे सुमारे १४ लक्ष नवे रुग्ण होते. २०४० पर्यंत ही संख्या प्रतिवर्षी २९ लक्षांवर जाईल, असा अंदाज तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२४ साली वर्तविला. आयुर्मान वाढत चालल्याचाच हा एक परिणाम आहे.

या रोगावर उपचार अनेक आहेत. त्यांपैकी कोणता उपचार रुग्णाच्या वाट्याला येईल, हे रोगाच्या अवस्थेवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर अवलंबून असावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ते पुष्कळ अंशी रुग्णाने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, विम्यावर अवलंबून राहते. हे कसे घडते, ते समजून घेणे उपयुक्त ठरेल.

रोगाचे स्वरूप

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. मराठी ग्रंथांतून तिला अष्ठीला ग्रंथी असेही म्हटले जाते. उतारवयात ती बहुतेक पुरुषांत वाढते आणि लघवीला वारंवार जावे लागणे, धार मंद होणे असा त्रास सुरू होतो. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. दोहोंची लक्षणे मात्र सारखी असू शकतात आणि प्रारंभीच्या कर्करोगात तर बहुधा कोणतेच लक्षण नसते. रक्तातील ‘पी. एस. ए.’ या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले की संशय येतो. निश्चित निदान ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा काढून केलेल्या तपासणीने, म्हणजे बायॉप्सीने होते. पेशींचे स्वरूप किती उग्र आहे, हे ‘ग्लीसन’ गुणांकाने सांगितले जाते. ६ हा गुणांक सौम्य रोगाचा, तर ८ ते १० हा उग्र रोगाचा निदर्शक समजतात.

या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे, की पुष्कळ रुग्णांत तो अत्यंत संथपणे वाढतो. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात, रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट करण्यात आले. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार देण्यात आले आणि तिसऱ्याला केवळ नियमित निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. सुमारे १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत या रोगाने दगावलेल्यांची संख्या ४५, म्हणजे जेमतेम २.७ टक्के होती, आणि तिन्ही गटांत त्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. निरीक्षणाखालील गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण अधिक होते, हेही नमूद केले पाहिजे. तथापि शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा जाणे, किरणोपचारानंतर गुदमार्गाच्या तक्रारी उद्भवणे, दोन्हींमुळे लैंगिक क्षमता घटणे, हे दुष्परिणाम लक्षात घेता सौम्य रोगात निरीक्षण हा एक मान्यताप्राप्त मार्ग ठरला आहे. ‘काहीच न करणे’ असा त्याचा अर्थ नाही. ठरावीक मुदतीने पी. एस. ए., अधूनमधून एम. आर. आय. आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायॉप्सी, असा तो वर्षानुवर्षे चालणारा कार्यक्रम असतो.

विमा खाटेचा, उपचार घरचा

आरोग्य विम्याची रचनाच मुळी रुग्णालयातील खाटेभोवती झालेली आहे. आपल्या देशात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ सुरू केला, तेव्हापासून रुग्णालयात दाखल होणे हाच दाव्याचा पाया राहिला. पुढे किमान २४ तास दाखल होण्याच्या अटीतून ‘डे केअर’ उपचारांना सूट मिळाली. त्यामुळे किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश होऊ शकला. परंतु निरीक्षणाखाली असलेल्या रुग्णाच्या रक्ततपासण्या, तज्ज्ञांचे शुल्क, एम. आर. आय. हा सारा खर्च बाह्यरुग्ण विभागातील ठरतो आणि साध्या विमापत्रात तो बसत नाही. परिणामी जो मार्ग शरीराला सर्वांत कमी इजा करतो, त्याचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. आणि जी शस्त्रक्रिया कदाचित टाळता आली असती, तिचा खर्च विमा कंपनी देते. ‘विमा आहे, तर करून टाकू’ हे वाक्य कुटुंबीयांच्या तोंडी अशा वेळी सहज येते. ते सद्भावनेचे असले, तरी सत्तरीतील सौम्य रोगाच्या रुग्णाला ते महागात पडू शकते.

हाच प्रश्न संप्रेरक-उपचारांत अधिक तीव्र होतो. प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स या शास्त्रज्ञाने १९४१ साली दाखवून दिले आणि १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक थांबविण्याचे दोन मार्ग आहेत : शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकणे, किंवा दर महिन्याला अथवा दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणे. पसरलेल्या रोगाला आळा घालण्यात दोन्ही जवळपास सारखेच परिणामकारक मानले जातात. शस्त्रक्रिया छोटी, एकदाच होणारी आणि विम्यात सामावणारी आहे. इंजेक्शन दहा मिनिटांत बाह्यरुग्ण विभागात दिले जाते, त्याची किंमत काही हजारांत असते आणि ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ‘रुग्णालयात दाखल होण्याची गरज नव्हती’ या कारणास्तव त्याचा दावा वादात सापडू शकतो. इंजेक्शन थांबविता येते, शस्त्रक्रिया परत फिरविता येत नाही. पुष्कळ रुग्ण खर्चाकडे पाहून शस्त्रक्रिया पत्करतात. तो निर्णय वैद्यकीय दृष्ट्या चुकीचा नसला, तरी तो आपला स्वतःचा आहे की विमापत्रातील एका कलमाचा, हे रुग्णाला ठाऊक असावयास हवे. शिवाय रोग बरा होण्याजोगा असून किरणोपचारांच्या जोडीला सहा महिने ते तीन वर्षे एवढेच संप्रेरक थांबवावयाचे असेल, तेव्हा कायमची शस्त्रक्रिया हा पर्यायच योग्य नसतो. तेथे इंजेक्शनेच हवीत, आणि त्यांची तरतूद अगोदर पाहिली पाहिजे. ॲबिराटेरोनसारख्या गोळ्यांनाही हेच लागू पडते, कारण त्या रुग्ण घरी घेतो.

शासकीय योजनांतील निवड

केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना केंद्र सरकार आरोग्य योजनेचे (सी. जी. एच. एस.) सभासदत्व घेता येते. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या या योजनेचे मोठेपण असे, की दाखल रुग्णांबरोबरच बाह्यरुग्ण औषधांचाही तीत समावेश आहे. माजी सैनिकांसाठी २००३ पासून असलेली ई. सी. एच. एस. योजनाही याच धर्तीची असल्याने साताऱ्या-कोल्हापूरकडील हजारो कुटुंबांना ती परिचित आहे. सी. जी. एच. एस. ची केंद्रे मात्र मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या निवृत्तांना दरमहा १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता घेता येतो. गावी राहणाऱ्याला तो सोयीचा वाटतो. पण तीन महिन्यांचा भत्ता आणि तीन महिन्यांनी घ्यावयाचे एक इंजेक्शन यांची तुलना केली, की त्या सोयीची मर्यादा ध्यानात येते.

दिनांक २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली ‘वय वंदना’ कार्ड उपलब्ध झाले. त्यावर कुटुंबातील ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात, आणि आधीपासून असलेल्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. खाजगी विमा असलेल्यांनाही ते घेता येते. मात्र सी. जी. एच. एस. किंवा ई. सी. एच. एस. च्या लाभार्थींनी आपली जुनी योजना आणि ही योजना यांपैकी एकच निवडावयाची आहे. आयुष्मान योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी असून ठरवून दिलेल्या पॅकेजांवर चालते. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरची औषधे १५ दिवसांपर्यंत मिळतात. दीर्घकाळ घरी राहून औषधे घेणाऱ्या रुग्णाने केवळ ५ लक्षांचा आकडा पाहून जुनी योजना सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना यापैकी कोणतेही छत्र नाही, अशांसाठी हेच कार्ड फार मोलाचे आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करून संरक्षणाची मर्यादा ५ लक्ष रुपयांवर नेण्यात आली. अंगीकृत रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे, सुचविलेला उपचार पॅकेजच्या यादीत आहे काय, ही विचारणा दाखल होण्यापूर्वीच करावी. राज्य शासनाने आपल्या निवृत्तांसाठी २०१४ साली गट वैद्यकीय विमाछत्र योजनाही सुरू केली. तिच्यासारख्या गट विम्याच्या अटी नूतनीकरणाच्या वेळी बदलू शकतात, म्हणून त्या दरवर्षी वाचाव्यात.

खाजगी विमापत्र वाचताना

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आणि वयाच्या ६५ व्या वर्षानंतर नवा विमा नाकारण्याची वाटही बंद केली. तरीही वाढलेल्या पी. एस. ए. चा अहवाल हाती आल्यावर विमा शोधणाऱ्याला विशेष लाभ होत नाही. लघवीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला असेल, तर तो प्रस्तावात नमूद करावा. लपविलेली माहिती दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येते. ग्रंथीच्या साध्या वाढीवरील शस्त्रक्रियेला बहुतेक विमापत्रांत दोन वर्षांचा वेगळा प्रतीक्षा काळ असतो, हेही लक्षात ठेवावे.

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया, स्टिरिओटॅक्टिक किरणोपचार आणि तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी यांना वगळता येणार नाही, असे प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिले. पण त्यांवर रकमेची पोटमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना राहिली. विमा ५ लक्षांचा असून अशा शस्त्रक्रियेची मर्यादा त्याहून पुष्कळ कमी, असा प्रकार त्यामुळे संभवतो. खोलीच्या भाड्याचेही तसेच. समजा, ५ लक्षांच्या विम्यात दिवसाचे भाडे एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये मान्य आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. अशा वेळी केवळ ३,००० रुपयांचा फरक भरून भागत नाही. शस्त्रक्रिया-शुल्कासारख्या संलग्न खर्चातही त्याच प्रमाणात कपात होते. २,४०,००० रुपयांपैकी १,५०,००० रुपयेच मिळतात. औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेली उपकरणे यांना ही कपात लागू नाही.

‘गंभीर आजार’ विमा वेगळा. निदान होताच ठरलेली रक्कम एकरकमी मिळते, आणि ती इंजेक्शनांसाठी किंवा किरणोपचारांच्या काळात चार-आठ आठवडे शहरात राहण्यासाठीही वापरता येते. परंतु त्याच्या प्रमाणित व्याख्येत प्रोस्टेटसाठी स्वतंत्र अट आहे : ग्लीसन गुणांक ६ हून अधिक असला पाहिजे, किंवा रोग किमान ‘टी २’ अवस्थेला पोहोचलेला असला पाहिजे. अगदी प्रारंभीच्या सौम्य रोगाला ही रक्कम मिळत नाही.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तक्रारीस शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लक्ष रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा तेथे विचार होतो. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे. अर्जासोबत विमापत्राची संपूर्ण प्रत, बायॉप्सीचा अहवाल आणि हाच उपचार का आवश्यक होता, हे सांगणारे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडावे.