माशाची झेप आणि मत्स्यबीजाची काळजी

इंदुरी येथे इंद्रायणीच्या शांत डोहात खडा टाकला, तर काठालगतचे मासे क्षणार्धात दिसेनासे होतात. ही चपळाई कशी साधते, हे समजून घेणे मत्स्यपालन करणाऱ्यास उपयुक्त आहे.

बहुतेक माशांच्या मेंदूच्या मागील भागात उजवीकडे एक व डावीकडे एक अशा दोन मोठ्या मज्जापेशी असतात. त्यांना मौथनर पेशी म्हणतात. डावीकडून धक्का आला की डावी पेशी चेतते. तिचा तंतू उजव्या बाजूस जात असल्यामुळे उजवे स्नायू आखडतात, अंग विळ्यासारखे वाकते आणि मासा संकटापासून दूर वळतो. त्याच वेळी दुसऱ्या पेशीस आवर घातला जातो. त्यामुळे दोन्ही बाजू एकदम आखडत नाहीत. धक्का बसल्यापासून अंग वाकू लागेपर्यंत सेकंदाचा सुमारे शंभरावा भागही लागत नाही.

तथापि प्रत्येक खुळखुळाटास मासा पळत नाही. तोच निरुपद्रवी आवाज वारंवार झाल्यास त्याची दचक कमी होते. म्हणून खाद्य रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी टाकावे.

या झेपेची किंमत मात्र मोठी असते. पांढरे स्नायू प्राणवायूवाचून काम करतात, त्यामुळे अंगात लॅक्टिक आम्ल साचते. पुनःपुन्हा घाबरविलेला मासा थकतो व काही तासांनीही दगावू शकतो. रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली आणताना होणाऱ्या मरतुकीचे हे एक कारण आहे.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. जाळे पहाटे, पाणी थंड असताना ओढावे. ते सावकाश ओढावे व एकाच दिवशी वारंवार टाकू नये.

२. वाहतुकीपूर्वी बीजास एक दिवस खाद्य देऊ नये.

३. पिशव्या सावलीत ठेवाव्यात. त्या आपटू वा हलवू नयेत.

४. पिशवी तळ्यात पंधरा ते वीस मिनिटे तरंगू द्यावी. मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घेऊन बीज आपणहून बाहेर जाऊ द्यावे.

भय ही माशाची ढाल आहे. पण ती विनाकारण वापरावयास लावल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. ग्रामसेवकांनी बीज सोडण्याच्या दिवशी ही रीत शेतकऱ्यांस तळ्यावर प्रत्यक्ष करून दाखवावी.