‘मी काय रोज पितो?’

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो, ‘आज कुठे बसायचं?’ ‘बसणे’ या साध्यासुध्या क्रियापदाचा अर्थ आपण लोकांनी पार बदलून टाकलाय. बसायचं म्हटलं की काय करायचं हे कुणी विचारत नाही. फक्त कुठे आणि कोणाकडे, एवढंच ठरवायचं.

माझा ग्रुप तुमच्या ग्रुपसारखाच. एक बँकवाला, दोन आयटीवाले, एक एचआरवाली, एक आर्किटेक्ट आणि लिहून पोट भरणारी मी. वयं २६ ते ३२. सोमवार ते गुरुवार सगळी शहाणी मुलं. जिम, ग्रीन टी, डब्यात नाचणीची भाकरी. पण दारूचा विषय काढा, की सगळ्यांचं एकच पेटंट वाक्य बाहेर पडतं : ‘मी काय रोज पितो?’

या वाक्याचं मला जाम कुतूहल आहे. आपल्या डोक्यातला ‘बेवडा’ म्हणजे गटाराशेजारी पडलेला, बायकोचे दागिने विकणारा, जुन्या मराठी सिनेमातला माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड आणि खिशात क्रेडिट कार्ड असलेला माणूस त्या फ्रेममध्ये मावत नाही. म्हणजे आपण सुटलो! प्रॉब्लेम एवढाच, की लिव्हरला तुमचं डेसिग्नेशन कळत नाही. आज शुक्रवार आहे हेही कळत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात.

‘दोनच’ म्हणजे किती?

ग्रॅमचा हिशेब एकदा समजून घ्या, मजा येईल. आपल्याकडे डॉक्टर एक ‘ड्रिंक’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्की-रमचा ३० एमएलचा स्मॉल. आपण मागवतो तो ६० एमएलचा लार्ज. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम. झाली दोन ड्रिंक्स.

आता बिअर. ‘मी हार्ड घेत नाही, फक्त बिअर’ असं म्हणणारे प्रत्येक टेबलवर असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक तेज असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० एमएलची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅम. म्हणजे दोन लार्ज पेग! दोन बाटल्या संपवणारा आमचा आर्किटेक्ट आणि चार लार्ज घेणारा बँकवाला, दोघांची मार्कशीट सेम. फरक इतकाच, की आर्किटेक्ट घरी जाऊन आईला ‘फक्त बिअर’ म्हणून सांगू शकतो.

जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिण्याला ‘अतिरेकी पिणं’ म्हणते. म्हणजे तीन लार्ज. आमच्या टेबलवर तिसऱ्या लार्जला पार्टी सुरू झाली असं समजतात.

आणि लिव्हरचा स्पीड? तासाला साधारण एक ड्रिंक. त्याला ओव्हरटाइम करता येत नाही. रात्री साडेआठला सुरुवात करून एक वाजेपर्यंत पाच लार्ज घेतले, तर १०० ग्रॅम. हे निपटायला लिव्हरला दहाएक तास हवेत. म्हणजे सकाळी साडेसहालाही रक्त पुरतं कोरं झालेलं नसतं, आणि तुम्ही सातला बाइक काढून ट्रेकला निघता. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० एमएल रक्तात ३० मिलिग्रॅम. ७० किलोचा पुरुष एका लार्जनंतरच ती ओलांडू शकतो. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाकाबंदी रात्री असते, पण कायदा सकाळीही तोच असतो.

यावर आपले घरगुती उपाय तयारच. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ. यातल्या एकानेही रक्तातली दारू मिलिग्रॅमभर लवकर उतरत नाही. कॉफीने होतं काय, तर झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो. दारूत एनर्जी ड्रिंक घालण्याचा फंडाही असाच फसवा. चढलेली असते, पण चढलीय हे कळत नाही, म्हणून माणूस आणखी पितो. याच काळजीपोटी अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन घातलेली दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना तंबी दिली होती. आपण बारमध्ये बसून तेच कॉकटेल स्वतःच्या हाताने बनवतो.

एचआरवाली म्हणाली, ‘मी मुलांइतकीच पिऊ शकते.’ पिऊ शकतेस बाई, कोण नाही म्हणतंय! पण बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला, तेवढ्याच पेगला रक्तातली पातळी जास्त चढते. समानतेची लढाई मी कुठेही लढायला तयार आहे, या टेबलवर सोडून. शिवाय दारूमुळे होऊ शकणाऱ्या कॅन्सरच्या यादीत तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर आणि आतड्याबरोबर स्तनाचा कॅन्सरही आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात, तंबाखूच्या शेजारी बसवलंय. ‘रोज थोडी रेड वाइन हार्टला चांगली’ या आपल्या लाडक्या समजुतीवर जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाणी ओतलं. पूर्ण सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं त्यांनी साफ सांगून टाकलं.

अ‍ॅसिडिटी?

हे सगळं आकडेवारी म्हणून मला आधीही माहीत होतं. मी आकडे मांडायला बसले ते गेल्या वर्षी, आमच्या दोन आयटीवाल्यांपैकी एक आयसीयूत गेला तेव्हा. वय ३१. रोज पिणारा नव्हे. शुक्रवार-शनिवार, आणि रिलीज झालं की एखादा बुधवार. सहा-सात वर्षं.

एका रविवारी दुपारी पोटाच्या वरच्या भागात कळ आली. त्याने अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली, मग दुसरी घेतली. कळ पाठीत घुसायला लागली. आडवं पडलं की वाढायची, पुढे वाकून बसलं की जरा कमी व्हायची. संध्याकाळी उलट्या थांबेनात तेव्हा रूममेट त्याला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेला. निदान : अ‍ॅक्युट पॅन्क्रिअ‍ॅटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला आलेली तीव्र सूज. अन्न पचवणारे स्वादुपिंडाचे रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतात, इतकं साधं आणि इतकं भयानक. या दुखण्याची दोन मुख्य कारणं म्हणजे पित्ताशयातले खडे आणि दारू. त्याला खडे नव्हते.

तो बावीस दिवस हॉस्पिटलमध्ये होता. त्यातले नऊ आयसीयूत. साताऱ्याहून आलेली त्याची आई बाहेर खुर्चीवर बसून असायची आणि आम्हा प्रत्येकाला एकच विचारायची, ‘पण तो पीत नव्हता ना रे फारसा?’ आम्ही सगळे जमिनीकडे बघायचो. ती खोटं ऐकायला तयार होती आणि आमच्याकडे खरं उत्तरही धड नव्हतं. कारण ‘फारसा’ म्हणजे किती, हे आमच्यापैकी कुणी कधी मोजलंच नव्हतं.

त्याच्या कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये लागोपाठ दोन वर्षं एसजीपीटी वाढलेलं आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ आलं होतं. त्याने ते पीडीएफ मेलमध्ये ठेवून दिलं. खरं सांगा, तुमचं कुठे आहे? ग्रेड वन म्हणजे पास झाल्यासारखं वाटतं आपल्याला. लिव्हर दुखत नाही हीच त्याची वाईट खोड. शिवाय बैठं काम आणि वडापाव यांनीही फॅटी लिव्हर होतं, त्यामुळे दोष द्यायला वडापाव असतोच. पण दारूने आलेली ही चरबी दारू थांबवली तर काही आठवड्यांत उतरू शकते. पुढच्या टप्प्यांवर ही सवलत मिळत नाही.

दहा प्रश्न

तो घरी आल्यावर आम्ही एक प्रयोग केला. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली आहे, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली. दहा प्रश्न, ४० मार्क, पाच मिनिटं. इथे मार्क जितके कमी तितकं बरं. आठ किंवा जास्त मिळाले तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय. वीस किंवा जास्त असतील तर व्यसनाची शक्यता धरून थेट डॉक्टर.

‘मी काय रोज पितो?’ला या प्रश्नावलीत फारशी किंमत नाही. रोज पिता का, यावर फक्त पहिल्या प्रश्नाचे मार्क. बाकीचे प्रश्न विचारतात, की एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक्स किती वेळा होतात? सुरू केल्यावर थांबता आलं नाही, असं झालं का? आदल्या रात्रीचं काही आठवत नाही, असं किती वेळा झालं?

या शेवटच्या प्रश्नावर टेबल शांत झालं. कारण आमचे निम्मे विनोदच त्याच्यावर चालतात. ‘काल तू काय केलंस माहितेय?’ ब्लॅकआउट म्हणजे बेशुद्ध पडणं नव्हे. माणूस चालतो, बोलतो, कॅब बोलावतो. पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग रेकॉर्डिंग बंद करतो. ती रात्र तुम्ही विसरलात असं नाही, ती नोंदवलीच गेली नाही.

बँकवाल्याला १४ मिळाले, आर्किटेक्टला ११, एचआरवालीला ९. मला ८. दुसऱ्या आयटीवाल्याने मार्क सांगितले नाहीत. कागद घडी करून खिशात घातला आणि तो लवकर निघून गेला. त्या रात्री मला सगळ्यात जास्त तोच कागद लक्षात राहिला.

खरी पंचाईत होते ती नाही म्हणताना. टीम आउटिंगला हातात ग्लास नसेल तर बॉसपासून इंटर्नपर्यंत सगळे काळजीने चौकशी करतात. ‘अरे, कंपनी तर दे!’ महाराष्ट्रात व्हिस्की-रम प्यायला २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कायद्याने परमिटही लागतं. ‘परमिट रूम’ या पाटीचा अर्थ तोच. पण ऑफिसच्या पार्टीत परमिट लागतं ते न पिण्याचं. आमचा आजारी मित्र सुरुवातीला ‘अँटिबायोटिक्स चालू आहेत’ सांगायचा. आता सरळ ‘पॅन्क्रिअ‍ॅटायटिस’ म्हणतो. शब्द इतका अवघड आहे की पुढे कुणी विचारत नाही.

दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. मित्र हलवूनही जागा होत नसेल तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून दार लावून घेऊ नका. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, शेजारी बसा आणि १०८ ला फोन करा. दुसरं, जो खरोखरच रोज आणि भरपूर पितो, त्याला ‘उद्यापासून एकदम बंद’ची शपथ घालू नका. अशा शरीराला दारू अचानक तोडली तर हात थरथरणं, भास आणि फिट्सपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६. हा नंबर मी त्या दुसऱ्या आयटीवाल्याला, ग्रुपवर नाही, वेगळा पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर तीन दिवसांनी आलं : ‘तिथे मराठीत बोलतात का?’ मी लगेच त्याला फोन लावला.